कोऱ्या पाण्यातले ठिपके

दिवाळीचे कंदील उतरले की आमच्या बोईसरचा वारा फिरतो. एखाद्या दुपारी कारखान्यांच्या वासातून वाट काढत किनाऱ्यावरच्या सुकत्या बोंबलांचा वास चौथ्या मजल्यापर्यंत येतो. यंदाही आला. शेजारच्या पाठकवहिनींनी धाडकन खिडकी लावल्याचं ऐकू आलं, आणि मी माझी उघडली. त्यांचं काही चुकत नाही. मासे न खाणाऱ्या माणसाला हा वास सहन होणं कठीण, आणि खाणाऱ्यालाही तो ताटातच आवडतो. मी मात्र तो आला की हातातलं काम टाकून खिडकीशी जाऊन उभी राहते. मी पन्नाशीला टेकलेली, बिनलग्नाची, औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत उभा जन्म काढलेली बाई. वासाचं पृथक्करण करायला मला सांगा, करून देईन. त्यात वास देणारी कुठली अमाइन्स असतात, ती कशी उडतात, सगळं ठाऊक आहे. पण त्यामुळे माझं खिडकीशी जाणं थांबत नाही.

या वासाबरोबर मला एक हिवाळा आठवतो. काही वर्षांपूर्वीचा. त्या हिवाळ्यात मी एक रेणू बघायचा प्रयत्न करत होते, आणि माझी आई माझ्याकडे राहत होती.

एक रेणू म्हणजे काय, हे सांगायला हवं. आमचा विषय विश्लेषणाचा. पदार्थात काय आहे आणि किती आहे, एवढंच आम्ही आयुष्यभर विचारत असतो. हे काम म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. चमचाभर द्रावण घ्यायचं, यंत्रात घालायचं, यंत्र आकडा देतं. पण त्या चमचाभरात रेणू इतके असतात की त्यांची गणती करायला बसलेला माणूस गणती सोडून संन्यास घेईल. आकडा येतो तो त्या सगळ्या जमावाचा. त्यातला एखादा रेणू आळशी असेल, एखादा तापट असेल, कुणी मध्येच डुलकी काढत असेल, ते जमावात कळत नाही. आम्हाला त्या वर्षी भात नको होता, शीतच हवं होतं. आमची कंपनी रोगाच्या तपासणीची साधनं बनवायची, आणि रोगाची खूण रक्तात अगदी दोनचार रेणूंएवढीच असताना पकडता आली तर माणूस वेळेत सापडेल, अशी त्यामागची कल्पना होती. कल्पना चांगली होती. एकच रेणू सुटा बघता आला पाहिजे, एवढीच अट.

त्याची पद्धत ऐकायला सोपी आहे. रेणूला चमकणारा रंग जोडायचा. मग द्रावण विरळ करायचं, पुन्हा विरळ करायचं, इतकं की सूक्ष्मदर्शकाखालच्या जागेत एखाददुसराच उरेल. त्यावर जांभळट लेझरचा झोत टाकायचा. रेणू तो प्रकाश घेतो आणि आपला वेगळ्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकतो. पडद्यावर एक ठिपका दिसतो. रेणू दिसायला कठीण नसतो, हे लोकांना सांगितलं की पटत नाही. तो बिचारा चमकतच असतो. कठीण असतं ते बाकीचं सगळं गप्प करणं. काचेवरची धूळ, पाण्यातला कचरा, आजूबाजूचा उजेड, जमिनीची थरथर. एकाला बघायचं तर बाकी सगळ्यांना खोलीबाहेर काढावं लागतं. विद्यार्थिनी असताना हे मी पुस्तकात वाचलं होतं. तेव्हा ते मला फक्त यंत्राबद्दलचं वाक्य वाटलं होतं.

थरथर हा आमच्याकडचा मोठा शत्रू. प्रयोगशाळेसमोरच्या रस्त्यावरून टँकर गेला की पडद्यावरचं सगळं चित्र हलायचं. शेजारच्या कारखान्यातलं काहीतरी अवजड यंत्र दिवसभर धपधप करायचं. यंत्राखाली जाड दगडी टेबल होतं, टेबलाच्या पायांत हवा भरलेली होती, तरी भागेना. शेवटी देसाई सरांनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी, तोडगा काढला. आमच्या वसाहतीला शुक्रवारची सुट्टी. कारखाने बंद, टँकर बंद. खरी मापं शुक्रवारी घ्यायची. ती कोण घेणार, हे विचारायची गरजच नव्हती. माझ्याबरोबर काम करणाऱ्या प्राचीचं मूल लहान होतं, आणि माकुणसारहून यायला तिला दोन गाड्या बदलाव्या लागत. सरांना संसार होता. माझ्याकडे सगळे एकदम बघायला लागले, आणि मी हो म्हटलं. बिनलग्नाच्या बाईचा शुक्रवार हा सार्वजनिक मालमत्तेसारखा असतो.

एरवी गजबजलेली वसाहत शुक्रवारी बघावी. रुंद रस्ते मोकळे, कारखान्यांच्या चिमण्या थंड. चहाच्या टपऱ्यांवर ताडपत्री. कुत्री भर रस्त्यात पसरून झोपलेली. मजूर आपापल्या खोल्यांबाहेर कपडे धूत, दाढ्या करत बसलेले असत. फाटकावर आमचे रखवालदार पांडेजी. ते पहिल्या शुक्रवारी म्हणाले, "मैडम, अकेले अंदर डर नहीं लगता?" मी म्हटलं, अंदर कोई है ही नहीं, डरना किससे. ते हसले, पण त्यांना ते पटलं नसावं. दर तासाभराने ते दारावर टकटक करून जात. त्या टकटकीने माझं चित्र हलायचं, पण मी त्यांना कधी नको म्हटलं नाही.

आत अंधार. एका पडद्याचा उजेड, आणि थंडीत काकडायला लावणारा एसी. कामाचा पहिला नियम असा की आधी ब्लँक बघायचा. ब्लँक म्हणजे ज्यात काहीच घातलेलं नाही असं कोरं पाणी. त्यात काही दिसता कामा नये. कोऱ्या पाण्यातच ठिपके दिसत असतील तर पुढे दिसणारा ठिपका आपला की परका, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. आणि माझ्या कोऱ्या पाण्यात ठिपके होते. एखाददुसरा नाही, चांगले भरपूर. निळसर, खोडकर, माझ्याकडे बघून डोळे मिचकावणारे.

मी काचा बदलल्या. आम्लात उकळल्या, जाळात धरल्या. पाणी बदललं, गाळणी बदलली, हातमोजे बदलले, बाटल्या बदलल्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा आमचा धर्म, म्हणून एकेका बदलाला एकेक शुक्रवार गेला. ठिपके जागच्या जागी. सर दर शनिवारी सकाळी विचारायचे, काय म्हणतोय ब्लँक? मी म्हणायचे, बोलतोय अजून. हिवाळा संपेपर्यंत ब्लँक गप्प झाला नाही तर यंत्र दुसऱ्या शाखेत जाईल, असं वरून सांगितलेलं होतं. ते गेलं असतं तरी आभाळ कोसळलं नसतं, मला पुन्हा नेहमीच्या नमुन्यांच्या तपासणीला बसवलं असतं. खरं सांगायचं तर त्या हिवाळ्यात मला यंत्रापेक्षा मोठी काळजी घरी होती.

आई माझ्याकडे टिकेल की नाही, ही ती काळजी.

आमचं गाव मुरबे. खाडीच्या तोंडाशी, होड्यांचं. वडील गेल्यावर काही वर्षांनी भावाने होडी विकली आणि तो वसईला नोकरीला गेला. आईचे गुडघे दुखायला लागले होते. मी तिला म्हटलं, चल माझ्याकडे, लिफ्ट आहे. ती आली. येताना तिने दोन लुगडी, एक विळी आणि मासळीची एक मोठी पाटी आणली. पाटी कशाला, असं मी विचारलं नाही. मला वाटत होतं की आता माझं घर भरलं. संध्याकाळी कुलूप न उघडता बेल वाजवायची, ही गोष्ट मला इतकी नवी होती की पहिले काही दिवस मी किल्ली हातात असूनही बेल वाजवायची.

आईला दिवसभर करायला काही नव्हतं. हे मला उशिरा कळलं, कारण दिवसभर मी घरी नसायची. दिवाळीनंतर तिने बाजारातून ओले बोंबील आणले आणि गॅलरीतल्या दोरीवर घातले. थोडेच. तिच्या मते थोडेच. सोसायटीची सभा भरली. पाठकवहिनी फार मऊ आवाजात बोलल्या, सेक्रेटरी नियमाचं काहीतरी बोलले, मी मान खाली घालून ऐकलं आणि घरी येऊन आईला शक्य तितक्या मऊ आवाजात सांगितलं. तिने वाद घातला नाही. दोरीवरचे बोंबील काढले, पाटीत भरले, आणि बसने मुरब्याला जाऊन मावशीकडे देऊन आली.

बोंबील सुकवताना कुणी बघितलेत का? ते एकेकटे टांगता येत नाहीत, घसरून पडतात. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची, एक अलीकडे, एक पलीकडे. लहानपणी हा आमचा हिवाळ्याचा अभ्यास. किनाऱ्यावर बांबू रोवलेले, त्यांना आडव्या दोऱ्या, आणि आम्ही बायका-पोरी ओळीने उभ्या. बोटांना दातांचे ओरखडे, त्यात खारं पाणी. आईचे हात इतके भरभर चालायचे की ती बघतसुद्धा नसे. ती मावशीशी बोलायची, लांबून येणाऱ्या होडीचं निशाण ओळखायची, मला पाढे म्हणायला लावायची, आणि जोड्या दोरीवर पडत राहायच्या. संध्याकाळी वारा सुटला की सगळी रांग एकदम हलायची. तेव्हा मला वाटायचं की कधी एकदा शिकते आणि इथून जाते. गेलेही. कॉलेजला जाताना एसटीत माझ्या शेजारची मुलगी नाकाला रुमाल लावून उठली आणि दुसरीकडे बसली होती. घरी येऊन मी आईला ते सांगितलं. एवढंसं प्रकरण, मी विसरूनही गेले.

आई विसरली नव्हती. बोंबील बंद झाल्यावर तिने माझे कोट हातात घेतले. प्रयोगशाळेचे पांढरे कोट मी आठवड्याला कसेबसे कपडे धुण्याच्या यंत्रात फिरवायची. आईला ते बघवेना. कोळणीची पोर साहेबीन झाली, तिच्या कोटाला वास यायला नको आणि पिवळेपणा दिसायला नको, हा तिचा हट्ट. दुप्पट पावडर, मग निळीचं पाणी, त्यावर दुकानदाराने दिलेली ती पांढऱ्याला आणखी पांढरं करणारी कसलीशी बाटली, मग खळ, मग कडक इस्त्री. वाळत घालताना माशाचं भांडंही जवळ नको. गुरुवारी संध्याकाळी तिचं खास चालायचं, कारण शुक्रवारी माझं मोठं काम असतं हे तिने मनात धरलं होतं. सकाळी कोट घातला की तो कागदासारखा वाजायचा. प्राची मला ट्यूबलाइट म्हणायची. मी आईला ते सांगितलं तेव्हा ती दिवसभर खुशीत होती.

आता हुशार वाचकाच्या लक्षात आलं असेल. माझ्या यायला मात्र कितीतरी शुक्रवार गेले. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

एका शुक्रवारी एसी बंद पडला. कोंडलेल्या अंधारात घाम यायला लागला, म्हणून मी कोट काढून बाहेर खुंटीला लावला, हात कोपरापर्यंत धुतले आणि नव्या काचेवर नवा ब्लँक ठेवला. पडदा काळा. मला वाटलं लेझरच बंद पडला. तो चालू होता. दुसरी काच लावली, काळी. तिसरी, काळी. मी तशीच बसून राहिले. मग बाहेर गेले, कोटाच्या बाहीचा एक सुटा धागा चिमट्याने धरून आणला आणि झोताखाली ठेवला. पडदा निळ्या उजेडाने इतका भरला की मला डोळे बारीक करावे लागले.

त्या बाटलीतलं द्रव्य न दिसणारा किंवा जांभळट प्रकाश घेतं आणि निळसर प्रकाश परत टाकतं, म्हणून तर कपडा पांढऱ्याहून पांढरा दिसतो. हे मी कंपनीत शिकायला आलेल्या कितीतरी मुलांना शिकवलं असेल. काचांवरून, बाटल्यांवरून माझी बाही दर वेळी फिरत होती, आणि आईने जीव लावून चढवलेला पांढरेपणा थोडा थोडा माझ्या कोऱ्या पाण्यात गळत होता. इतके आठवडे मी ज्या ठिपक्यांना शिव्या देत होते ते घरचेच होते.

आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण फाटकापर्यंतच टिकला. पांडेजींनी विचारलं, हो गया काम? मी म्हटलं, हो गया. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं की आता हे घरी सांगायचं होतं.

चार दिवस सांगितलं नाही. मग कंपनीने खास कोट मागवले, धागा न सोडणारे, बंद पिशवीत धुऊन येणारे. ते घालायचे आणि तिथेच ठेवायचे. बुधवारी मी आईला सांगितलं की आता कोट घरी येणार नाहीत. तिने विचारलं का, आणि मला खोटं बोलता येईना. तिला माझ्या कामातलं सांगितलेलं आवडायचं, म्हणून मी सगळं समजावून सांगितलं. ती पलंगाच्या कडेला बसून ऐकत होती. मग म्हणाली, "म्हनजे माज्या हातची घान जात व्हती तुज्या पान्यात?"

"घाण नाही गं आई. उजेड जात होता."

"मंग उजेड नको तुमाला?"

"एकाचाच हवा असतो. बाकीचा आला की तो एक दिसत नाही."

तिने मान हलवली. समजलं तिला, नीट समजलं. ती चिडली असती, रडली असती तर मी काही बोलू शकले असते. तिने उठून न्हाणीतली ती बाटली आणली, झाकण घट्ट लावलं आणि कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवली. डब्यात टाकली नाही, शेजारी ठेवली. गुरुवारी संध्याकाळी मी घरी आले तेव्हा ती खिडकीशी बसली होती. दिवा लावलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मला रेणू दिसला. विरळ केलेलं द्रावण, काळा पडदा, आणि काळ्यात एक ठिपका. हलत नव्हता, वाढत नव्हता. मधेच क्षणभर मालवायचा आणि पुन्हा लागायचा, हाही त्यांचा एक स्वभाव असतो. हा रेणू एकटाच आहे, दोनचार मिळून नाहीत, हे कशावरून ओळखायचं? त्याची खूण मोठी साधी आहे. प्रकाश देता देता रंग कधीतरी जळून जातो. घोळका असेल तर तो हळूहळू मंदावतो, एकेक गळत जातो. एकटा मात्र एकदम विझतो. आत्ता पुरता होता, आणि आत्ता नाही. मी नजर न हलवता बघत होते, आणि तो तसा विझला. प्रकाशाच्या आलेखावर खाली उतरणारी एकच सरळ पायरी उमटली. एकटेपणाचा पुरावा असा शेवटीच मिळतो. मी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या, अंधारात, एकटीने. मग मला त्या आवाजाची लाज वाटली. बाहेरून पांडेजींची टकटक आली तेव्हा मी दार उघडून त्यांना पडदा दाखवला. ते भक्तिभावाने बराच वेळ बघत उभे राहिले. मी त्यांना सांगितलं नाही की तो ठिपका आता तिथे नाही.

मला ते आईला सांगायचं होतं. संध्याकाळी पेढे घेऊन गेले. बेल वाजवली. आईने दार उघडलं, तिच्या मागे पाटी भरून तयार होती, त्यात लुगडी आणि विळी. मावशीचा निरोप आला होता, बोंबील भरपूर लागलाय, टांगायला हात कमी पडतात. "जाते गो महिनाभर," आई म्हणाली. तिने पेढा खाल्ला, माझ्या रेणूबद्दल सगळं विचारलं, तो कसा विझला ते हाताने करून दाखवायला लावलं. ती खूश होती, हे मला आजही खात्रीने सांगता येतं. सकाळी मी तिला बसमध्ये बसवून दिलं.

ती परत आली नाही. भांडण नाही, अबोला नाही. हंगाम संपला, मग पावसाळ्याआधीची मासे खारवायची कामं निघाली, मग मावशी आजारी पडली, मग पुन्हा वारा फिरला. गुडघे तसेच दुखतात, पण किनाऱ्यावर ते दुखतात आणि ती चालते. माझं यंत्र आता नव्या इमारतीत गेलंय, तिथे थरथर पोचत नाही. मापं कुठल्याही वारी घेता येतात आणि बरीचशी यंत्र स्वतःच घेतं. माझे शुक्रवार मला परत मिळाले. मला एकटं वाटतं. सुटं वाक्य म्हणून ते लिहायला मला बरीच वर्षं लागली. शुक्रवारी सकाळी जास्त वाटतं, कारण कुकरची शिट्टी संपली की घरात दुसरा आवाज नसतो.

आता आई शुक्रवारी इथेच येते, बोईसरच्या बाजारात. कारखान्यांना सुट्टी, म्हणून गिऱ्हाईक असतं. बोंबील, जवळा, करंदी, थोडी वाकटी, अशी सुकी मासळी गोणपाटावर मांडून बसते. गिऱ्हाईक बहुतेक परगावचे मजूर, त्यांच्याशी ती आपल्या हिंदीत बोलते, आणि आपल्या हिंदीची तिला जराही लाज नाही. मी दुपारी जाऊन तिच्या शेजारी बसते. कंपनीतलं कुणी दिसलं तर पूर्वी मी चेहरा फिरवला असता. आता मीच बोलावून बोंबील गळ्यात मारते. आईला वाटतं मी फार स्वस्त देते.

गेल्या महिन्यात गर्दी ओसरल्यावर मी तिला सरळच विचारलं. म्हटलं, आई, मावशी आता लेकीकडे राहायला गेली, तू घरात एकटी, मी इथे एकटी. चल ना वर. सोसायटीशी मी भांडेन, गॅलरीत हवं ते वाळव.

ती जवळ्यातला कचरा निवडत होती. म्हणाली, "तुजं घर चांगलं हाय. पन मी तिथं काय करू?"

"काही करू नकोस. मी आहे ना."

"शुक्रवारी बी नसायचीस गो तू."

तिने ते तक्रारीसारखं म्हटलं नाही. आज भरती उशिरा आहे, असं सांगावं तसं म्हटलं. आता असते ना मी, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण समोर गिऱ्हाईक आलं, पावशेर जवळा मागायला लागलं, आणि तिने मला कागद धरायला सांगितला.

संध्याकाळी मी तिची पाटी उचलून बसपर्यंत जाते. ती वर माझ्या घरी येत नाही, बस चुकेल म्हणते. पोचलीस की फोन कर म्हटलं तर ती एक रिंग देऊन बंद करते. उचलला की पैसे जातात, हा तिचा जुना समज. आता तसं नसतं हे सांगून झालं, पण तिची रीत मोडत नाही. मलाही आता ती रीत झाली आहे. दिवेलागणीला मी टीव्ही बंद करते, पंखाही बंद करते, फोन टेबलावर ठेवून समोर बसते. एकदा वाजतो आणि थांबतो. आई पोचली. मग मी भात लावते.

परवाच्या शुक्रवारी तो वाजला आणि थांबला. मी भात लावायला उठले. कुकरचं झाकण लावत होते तेव्हा पुन्हा वाजला, आणि थांबेना. मी झाकण तसंच टाकलं. गुडघा, बस, अंधारातला रस्ता, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. धावत जाऊन उचलला.

"आई, काय झालं?"

"काय नाय."

"पोचलीस ना नीट?"

"मगाशीच पोचले. रिंग दिली ना तुला."

"मग?"

पलीकडे दाराची कडी लावल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "असाच केला. घरात कोन नाय." आणि पुढे, "तुज्याकडं कोन हाय?"

"नाही. कोणी नाही."

"हां," आई म्हणाली.

माझा पंखा अजून बंदच होता. तिच्या श्वासाचा आवाज येत होता, आणि ती भांड्यावर भांडं ठेवत असल्याचा. मी फोन कानाला लावून तशीच खाली जमिनीवर बसले. फोन तिनेही ठेवला नाही.